टॉम कॉलिन्स घरी कसं बनवायचं, आणि त्याच पायावर पुढे काय काय करता येतं

जिन, लेमनचा रस, साखरेचं सिरप, बर्फ आणि सोडा. टॉम कॉलिन्स म्हणजे एवढंच, आणि म्हणूनच घरी पहिलं कॉकटेल कुठलं शिकावं असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून हेच सांगतो. महागड्या बाटल्या लागत नाहीत, शेकर नसला तरी चालतं, आणि एकदा हे हातात बसलं की जिनची निम्मी कॉकटेल्स आपोआप कळायला लागतात कारण ती सगळी याचीच भावंडं आहेत. पण सोपं असूनही बऱ्याचदा समोर येतं ते एकतर गोडमिट्ट लेमोनेड ज्यात जिन शोधावी लागते, नाहीतर पाणचट, गॅस गेलेलं काहीतरी. माझं स्पष्ट मत आहे की हे ड्रिंक मापामुळे कमी बिघडतं आणि गारवा कमी पडल्यामुळे जास्त बिघडतं. ग्लास गरम, सोडा कोमट, बर्फाचे चार खडे, मग कितीही भारी जिन ओता, थोड्या वेळात ग्लासात नुसतं आंबटगोड पाणी उरतं. त्यामुळे खाली बर्फ आणि सोड्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय, ते गाळून वाचू नका.

आधी माप

आयबीए म्हणजे बारटेंडर लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना, त्यांच्या रेसिपीत जिन ४५ मिली, ताजा लेमन रस ३० मिली, शुगर सिरप १५ मिली आणि सोडा ६० मिली असं माप आहे. यात चूक काही नाही पण ते चांगलंच आंबट लागतं, ज्यांना आंबट आवडतं त्यांनी तेच घ्यावं. मला स्वतःला जिन ५० मिली, रस २५ मिली, सिरप २० मिली आणि सोडा ९० ते १०० मिली हे जास्त पटतं, लांबवर हळूहळू प्यायला हे बरं पडतं आणि जिनचा वास वर राहतो. जिगर म्हणजे बारमधलं छोटं मापाचं भांडं, ते नसेल तर अडून बसू नका, मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा असतो आणि मोठा १५ मिलीचा, त्यावर सगळं जमतं, फक्त अंदाजपंचे ओतू नका. रस आणि सिरप यांच्यात ५ मिली इकडेतिकडे झालं तरी चव बदलते. जिन थोडी कमीजास्त झाली तर एवढं कळत नाही.

ग्लास उंच, सरळ आणि जरा अरुंद हवा, ३०० ते ४०० मिलीचा. हा नुसता दिसण्याचा मामला नाहीये, अरुंद ग्लासात वरचा उघडा भाग कमी असतो म्हणून गॅस हळू उडतो आणि बर्फ एकमेकांना चिकटून उभा राहतो. ग्लास आधी दहापंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

जिन कुठली घ्यायची

इथे थोडा इतिहास सांगावाच लागतो कारण त्याचा चवीशी संबंध आहे. लंडनमध्ये कॉन्ड्युइट स्ट्रीटवर लिमर्स नावाचं हॉटेल होतं, तिथल्या जॉन कॉलिन्स नावाच्या हेडवेटरशी एका जिन पंचचं नाव जोडलं जातं. दुसरीकडे १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक खोडी फार पसरली होती, मित्राला सांगायचं की अरे तो टॉम कॉलिन्स पलीकडच्या बारमध्ये बसून तुझ्याबद्दल वाट्टेल ते बोलतोय, की तो बिचारा तावातावाने त्याला शोधत फिरायचा, आणि असा कोणी माणूसच नसायचा. नाव नक्की कशावरून पडलं यावर लोक अजून भांडतात, पण जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या १८७६ च्या बारटेंडर गाइडमध्ये टॉम कॉलिन्सची रेसिपी छापलेली आहे. आणि हॅरी जॉन्सन या दुसऱ्या बारटेंडरच्या १८८२ च्या पुस्तकात दोन वेगळ्या रेसिपी आहेत, टॉम कॉलिन्स ओल्ड टॉम जिनचं आणि जॉन कॉलिन्स हॉलंड जिनचं, म्हणजे डच पद्धतीच्या जिनचं.

तर मुद्दा असा की ओल्ड टॉम ही जुन्या पद्धतीची, किंचित गोडसर आणि गोलसर चवीची जिन. ती मिळाली तर जरूर घ्या, फक्त सिरप ५ मिली कमी करा. नाही मिळाली तर साधी लंडन ड्राय घ्या, आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. लंडन ड्राय म्हणजे लंडनमध्येच बनलेली असं काही नसतं, ती एक पद्धत आहे, त्यात डिस्टिल केल्यानंतर वरून चव किंवा रंग घालत नाहीत आणि साखर जवळपास नसतेच. जुनिपरचा, म्हणजे जिनला तिचा ओळखीचा वास देणाऱ्या दाण्यांचा, वास ठसठशीत असलेली कुठलीही मधल्या किमतीची लंडन ड्राय इथे उत्तम. फार नाजूक, फुलांच्या वासाच्या महागड्या जिनवर लेमन रस ओतून सोडा घातला की तिचं जे वैशिष्ट्य आहे तेच दबून जातं, ती टॉनिकबरोबर प्या किंवा मार्टिनीत घाला.

लेमन आणि सिरप

रस ताजाच हवा, याला पर्याय नाही. बाटलीतल्या रसाला शिजल्यासारखा वास येतो आणि सोड्यात तो आणखी उठून येतो. पिवळं, जाड सालीचं लेमन घ्या, ते रूम टेंपरेचरला आणा, ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा आणि मग कापा, एका मध्यम लेमनमधून ३० ते ४० मिली रस आरामात निघतो. कापण्याआधी साल सोलून ठेवा, सजावटीला लागेल. आणि रस बारीक गाळणीतून गाळा. हे बरेच जण करत नाहीत, त्यांना वाटतं गर असला तर काय बिघडलं, पण गराच्या प्रत्येक कणाभोवती सोड्यातला गॅस बुडबुडा होऊन बाहेर पडतो. म्हणजे रस जेवढा स्वच्छ तेवढा सोडा जास्त वेळ टिकतो. हिरवं, पातळ सालीचं लाइम वापरलं तरी चालतं पण चव बदलते, ती जास्त टोकदार होते आणि थोडी कडवट झाक येते, त्याचं वेगळं ड्रिंक होतं, ते पुढे सांगतो.

सिरपला समान वजनाची साखर आणि पाणी, उदाहरणार्थ २०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम. पाणी गरम करायचं, साखर घालून विरघळेपर्यंत ढवळायचं आणि गॅस बंद, उकळत ठेवायचं नाही कारण पाणी उडालं की माप बदलतं. गार करून स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन आठवडे तरी चांगलं राहतं, गढूळ दिसलं की फेकून द्या. कोणी कोणी दोन भाग साखरेला एक भाग पाणी असं घट्ट सिरप करतात, ते जास्त टिकतं, पण मग १५ मिलीच्या जागी साधारण १० मिलीच घाला. साखर थेट ग्लासात घालायच्या भानगडीत पडू नका, गार आणि अल्कोहोल असलेल्या द्रवात ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते, मग पहिले घोट आंबट आणि शेवटचे घोट साखरेचे.

बर्फ आणि सोडा, खरं काम इथे आहे

सगळ्यात जास्त कंजुषी लोक बर्फात करतात. समजूत अशी की बर्फ जास्त घातला तर ड्रिंक पाणचट होईल. होतं बरोबर उलटं. बर्फ कमी असला की तेवढ्याच बर्फाला सगळं ड्रिंक गार करावं लागतं, तो भराभर वितळतो आणि पाणी होतं. ग्लास काठोकाठ भरलेला असला की सगळं मिळून चटकन थंड होतं आणि मग वितळण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे ग्लास वरपर्यंत बर्फाने भरायचा, अगदी वरपर्यंत. मोठे, घट्ट चौकोनी खडे सगळ्यात छान. चुरा केलेला बर्फ इथे नको, पोकळ आणि पातळ बर्फ पण नको.

आणखी एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. फ्रीजरमधून आत्ता काढलेला खडा कोरडा आणि पांढरट असतो, त्याच्यावर बारीक हिमकण असतात, त्यावर सोडा पडला की सर्रकन फेस येतो आणि गॅसचा मोठा भाग तिथेच जातो. तोच खडा मिनिटभर बाहेर ठेवा, त्याचा पृष्ठभाग ओला, काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि आता त्यावर सोडा ओतला तर बुडबुडे शांतपणे वर येतात. करून बघा, दोन ग्लास शेजारी ठेवून फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून बर्फ आधी काढून ठेवायचा, त्यातून निथळलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मग वापरायचा. फ्रीजरमध्ये इतर खाण्याचे वास असतील तर बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवा, बर्फ वास फार पटकन धरतो आणि या ड्रिंकमध्ये तो लपत नाही.

आता सोडा. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, कोमट पाण्यात तो लगेच पळतो, इतकं साधं आहे. म्हणून सोडा निदान चार-पाच तास फ्रीजमध्ये असलाच पाहिजे, बर्फ आहे ना मग गार होईलच हा विचार इथे चालत नाही कारण गार होईपर्यंत गॅस गेलेला असतो. छोटी बाटली किंवा कॅन घ्या आणि दरवेळी नवीन उघडा, काल उघडलेली मोठी बाटली म्हणजे ड्रिंकचा सत्यानाश. साधा सोडा घ्यायचा, चव नसलेला. टॉनिक वेगळं, त्यात क्विनाइनचा कडूपणा आणि साखर असते. लेमनच्या चवीचं सॉफ्टड्रिंक सुद्धा नको, ते घातलं की सिरपचं सगळं गणित कोलमडतं.

बनवायचं कसं

दोन पद्धती आहेत. सगळं थेट ग्लासात ओतून हलकं ढवळायचं ही एक, घाईत तीच बरी. दुसरी म्हणजे सोडा सोडून बाकीचं शेक करायचं, आणि वेळ असेल तर मी नेहमी हीच करतो कारण सोडा पडायच्या आधीच जिन, रस आणि सिरप बर्फासारखं गार झालेलं असतं.

शेकरमध्ये जिन, रस, सिरप घाला, निम्मा शेकर बर्फ, झाकण घट्ट, आणि आठ-दहा सेकंद जोरात हलवा. बास. मार्टिनी ग्लासात देणार असतो तर जास्त हलवलं असतं, पण इथे पुढे सोड्याचं पाणी येणारच आहे. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. सोडा मात्र चुकूनही शेकरमध्ये घालू नका, आतला दाब वाढून झाकण उडतं.

आता इथे एक क्षण थांबा आणि चमच्यात दोन थेंब घेऊन चाखा. सोडा घालण्याआधी हे मिश्रण थोडं जास्त आंबट, थोडं जास्त गोड, एकूणच जरा भडक लागलं पाहिजे. आत्ताच ते पिण्याजोगं, गुळगुळीत लागत असेल तर सोडा घातल्यावर फिकं पडणार हे नक्की. आणि गारव्यात गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना चाखलं तर तुम्ही सिरप कमी घालाल, म्हणून शेक झाल्यावरच चाखायचं. दात आंबले तर ५ मिली सिरप, गोड वाटलं तर ५ मिली रस. चिमूटभर मीठ किंवा मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घातले तर लेमन उजळून येतं, खारट लागायला नको एवढंच.

ग्लास ताज्या बर्फाने भरा, शेकरमधला बर्फ परत वापरू नका, तो अर्धा वितळलेला असतो. ग्लासात आधी थोडासा, साधारण ३० मिली सोडा ओता, मग त्यावर शेक केलेलं मिश्रण गाळून ओता आणि वरून उरलेला सोडा. हा क्रम मुद्दाम आहे. साखरेमुळे मिश्रण सोड्यापेक्षा जड असतं, ते खाली बसायला बघतं आणि खाली बसता बसता सोड्यात स्वतःच मिसळत जातं, त्यामुळे ढवळायला फारसं लागत नाही. वरचा सोडा ओतताना ग्लास तिरपा धरा आणि बारीक धारेने कडेवरून सोडा. मग लांब दांड्याचा चमचा कडेने तळापर्यंत न्या, बर्फ एकदा अलगद उचला, आणि चमचा बाहेर. गोल गोल घुसळत बसू नका. जेवढं ढवळाल तेवढा गॅस जाईल.

सजावट लेमनची एक चकती आणि मारास्किनो चेरी (गोड पाकातली चेरी), हे पारंपरिक. चेरी नसली तर मला काही वाटत नाही, पण सालीचा तुकडा मी सोडत नाही. रुंद पट्टी, आतला पांढरा भाग शक्य तेवढा काढलेला, ती ग्लासावर धरून बाहेरची बाजू ड्रिंककडे करून मुरडायची, तेलाचा बारीक फवारा उडतो, उजेडासमोर धरलं तर दिसतो सुद्धा. ग्लास तोंडाशी नेला की पहिला वास तोच येतो आणि मग मागून जुनिपर. स्ट्रॉ वापरणार असाल तर सजावट स्ट्रॉच्या बाजूलाच लावा म्हणजे नाक तिथे जाईल.

आता वेगवेगळे प्रकार

एकावेळी एकच गोष्ट बदला. दारू बदला किंवा आंबट बदला किंवा गोड बदला किंवा वरचा फसफसणारा भाग बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवडलं नाही तर कशाने बिघडलं ते कळतच नाही.

दारू बदलणं सगळ्यात सोपं, आणि नावं पण बदलतात. व्होडका घातली की व्होडका कॉलिन्स, साफ पण थोडं एकसुरी, त्याला सालीचं तेल जास्त द्या. जॉन कॉलिन्स म्हटलं की आज बऱ्याच ठिकाणी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की घालून देतात, त्यात व्हॅनिला आणि लाकडाची गोडी असते म्हणून सिरप १५ मिलीच पुरे. पांढऱ्या रमचं कॉलिन्स करताना लेमनच्या जागी लाइम जास्त जुळतं. टकीला पण छान लागते, ग्लासाला मीठ वगैरे लावायची गरज नाही. ब्रँडीचं कॉलिन्स आता फारसं कोणी करत नाही, पण १८७६ च्या त्या पुस्तकात टॉम कॉलिन्स जिनबरोबर ब्रँडी आणि व्हिस्कीचंही दिलेलं आहे.

लाइमचं वर म्हटलं होतं ते हे. जिन, अर्ध्या लाइमचा रस, बर्फ, सोडा, आणि साखर अजिबात नाही, याला जिन रिकी म्हणतात. पिळलेलं लाइमचं अर्धुक तसंच ग्लासात टाकायचं. वॉशिंग्टन डीसीमधल्या शूमेकर्स नावाच्या बारशी हे जोडलेलं आहे, १८८० च्या दशकात जो रिकी नावाच्या माणसावरून नाव पडलं आणि सुरुवातीला त्यात बर्बन असायची, जिन नंतर आली. गोड नको असणाऱ्यांसाठी यासारखं ड्रिंक नाही. पहिल्यांदा पिताना जरा कोरडं वाटतं, अर्धा ग्लास झाला की आवडायला लागतं. साखर नसल्यामुळे इथे जिन लपत नाही, तेव्हा जिन बरी घ्या.

काकडी आणि पुदिना हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. काकडीच्या चार-पाच चकत्या शेकरमध्ये जिनबरोबर ठेचायच्या, चांगल्या ठेचायच्या, काकडीला जोर चालतो. पुदिन्याला मात्र नाही. पुदिन्याची पानं चिरडली की कडू, गवतासारखी चव सुटते, त्याची आठ-दहा पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची आणि तशीच शेकरमध्ये टाकायची, शेक करताना बर्फ बाकीचं काम करतो. मग दोनदा गाळायचं, शेकरची गाळणी आणि खाली बारीक गाळणी, नाहीतर हिरवे कण दातात अडकतात आणि वर सांगितलं तसं गॅस पण घालवतात. नुसता पुदिना आणि लेमन घातलं, सोडा न घालता छोट्या ग्लासात गाळलं तर ते साउथसाइड, सोडा घालून लांबवलं तर साउथसाइड फिझ. बेसिलचं पण असंच करता येतं, बेसिलची पानं जास्त घ्या आणि बनवल्यावर लगेच प्या, थोड्या वेळाने रंग काळपट पडतो.

गोड बदलायचं असेल तर मध. पण मध सरळ गार शेकरमध्ये घातला की गोळा होऊन तळाला चिकटतो, म्हणून मध आणि कोमट पाणी समान घेऊन त्याचं सिरप करा आणि मग वापरा. मधाला लेमन थोडं जास्त लागतं. एल्डरफ्लावर लिकर (एल्डर झाडाच्या फुलांची गोड दारू) १५ मिली घालून सिरप निम्मं केलं तर फार सुगंधी कॉलिन्स होतं, इथे काकडीची एक लांब पट्टी ग्लासाच्या आतून फिरवली की बघायलाही सुंदर. रासबेरी किंवा स्ट्रॉबेरी असेल तर सिरपमध्येच ठेचून, तासभर ठेवून, गाळून घ्या, ग्लासात फळं ठेचू नका. आल्याचे काप गरम सिरपमध्ये अर्धा तास ठेवून गाळले तर आल्याचं सिरप होतं. आणि सिरप न करता सोड्याच्या जागी जिंजर एल घेतलं तर त्याला जिन बक म्हणतात, तिथे सिरप जवळजवळ काढूनच टाका.

मग येतात जवळचे नातेवाईक. जिन फिझ आणि टॉम कॉलिन्समध्ये लोक नेहमी गोंधळतात कारण साहित्य सारखंच आहे. फिझ शेक करून छोट्या ग्लासात, बर्फाशिवाय देतात, वरून जरासाच सोडा, आणि पटकन प्यायचं असतं. कॉलिन्स उंच ग्लासात बर्फावर, निवांत. सोड्याच्या जागी शॅम्पेन घातली की फ्रेंच ७५, त्याचं माप वेगळं, जिन ३०, लेमन रस १५, सिरप १५ आणि शॅम्पेन ६० मिली, ते बर्फाशिवाय निमुळत्या ग्लासात. आणि हात भरून यावेत अशी इच्छा असेल तर रामोस जिन फिझ, न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसने १८८८ मध्ये काढलेलं, त्यात लेमन आणि लाइम दोन्ही, शिवाय क्रीम, अंड्याचं पांढरं आणि ऑरेंज फ्लावर वॉटर (संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी) असतं आणि फार वेळ शेक करावं लागतं. अंडं कच्चं जातं तेव्हा ताजं किंवा पाश्चराइज्ड घ्या. ते शिकायच्या आधी कॉलिन्स पक्कं करा.

दिसायला भारी हवं असेल तर निळ्या गोकर्णाची वाळलेली फुलं जिनमध्ये तासभर भिजवा, जिन गडद निळी होते. मग नेहमीसारखं शेक न करता ग्लासात लेमन रस, सिरप आणि सोडा तयार ठेवून निळी जिन वरून अलगद सोडा, रसातल्या आम्लामुळे निळ्याचा जांभळा आणि मग गुलाबी होत जातो. फुलातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं म्हणून हे होतं. चवीत फारसा फरक नाही.

पाहुण्यांसाठी मोठा जग भरून

आठ जणांसाठी जिन ४०० मिली, लेमन रस २०० मिली, सिरप १६० मिली एकत्र करून जगमध्ये भरा, त्यात साधारण १२० मिली थंड पाणी घाला कारण इथे शेक होणार नाही आणि बर्फाचं जे पाणी उतरलं असतं ते आपणच द्यायचंय. हे दोन-तीन तास आधी करून फ्रीजमध्ये अगदी गार करा, आदल्या दिवशी नको, रसाची चव उतरते. सोडा जगमध्ये कधीच मिसळायचा नाही. प्रत्येकाच्या ग्लासात बर्फ, साधारण ११० मिली मिश्रण आणि वरून ताजा थंड सोडा. हेही लक्षात ठेवा की ४० टक्क्यांची ५० मिली जिन म्हणजे जवळपास १६ ग्रॅम अल्कोहोल, पण आंबटगोड आणि गार असल्यामुळे ते जाणवतच नाही, तहान लागल्यासारखं प्यायलं जातं. जगशेजारी साध्या पाण्याचा जग पण भरून ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याला खालचा प्रकार द्या.

तो असा. जुनिपरचे दोन मोठे चमचे दाणे जाडसर कुटा, एक छोटा चमचा धणे, लेमनच्या सालीच्या दोन पट्ट्या, हे सगळं २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्यात पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा, गार होईपर्यंत झाकून ठेवा आणि गाळा. जिनचा जो ओळखीचा वास असतो तो बराचसा जुनिपर, धणे आणि सालीतूनच येतो, त्यामुळे हे सिरप २५ मिली, लेमन रस २५ मिली, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब, ग्लासभर बर्फ आणि १५० मिली थंड सोडा असं केलं की ते नुसतं लेमोनेड राहत नाही. अल्कोहोलची तिखट चुणचुण हवी असेल तर सिरप शिजवताना मिरीचे चार दाणे टाका. आणि हा ग्लाससुद्धा बाकीच्यांसारखाच फ्रीजरमधून काढलेला द्या, सालीच्या फवाऱ्यासकट.